घटाची माती आणि नाईलचा पूर

मुंबईहून जुन्या आग्रा रस्त्याने ठाण्याकडे निघावे आणि मुलुंडचा चेक नाका मागे टाकावा, की डाव्या हातास वागळे इस्टेट लागते. तीर्थयात्रा किंवा हवापालट यांसाठी येथे कोणी येत नाही. पारपत्राच्या कचेरीत काम असेल, कारखान्यात नोकरी असेल, अथवा कोणा आप्ताचे बिऱ्हाड असेल, तरच पाऊल इकडे वळते. येथील बहुतेक रस्त्यांस थोर पुरुषांची नावे नसून आकडे आहेत. रिक्षावाल्यास 'सोळा नंबर' अगर 'बावीस नंबर' एवढे सांगितले की पुरे होते. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म एका लहानशा समारंभाने येथेच झाला. त्या वेळी यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. पुढे यंत्रांची, औषधांची, रंगांची, विजेच्या सामानाची नाना प्रकारची कारखानदारी येथे वाढली, भोवती कामगारांच्या वस्त्या उठल्या आणि किसननगर, श्रीनगर, अंबिकानगर, इंदिरानगर, सावरकरनगर अशी नगरांची दाटी झाली. अलीकडे कित्येक कारखाने बंद पडून त्यांच्या जागी संगणकाच्या कचेऱ्यांचे काचेचे मनोरे उभे राहिले आहेत. तथापि सकाळच्या पाळीस निघालेले डबेवाले हात अजूनही पुष्कळ दिसतात.

या वस्तीचे स्थान मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. पश्चिमेस येऊरचा डोंगर. त्याच डोंगररांगेच्या पलीकडच्या अंगास कान्हेरीची लेणी. पूर्वेस आगगाडीचा रस्ता व त्यापलीकडे ठाण्याची खाडी. खाडीच्या वरच्या अंगाने उल्हास नदीत शिरले की कल्याण. मधोमध, इमारतींच्या गराड्यात, रायलादेवीचा तलाव. ज्या नगरास शिलाहारांच्या ताम्रपटांत 'श्रीस्थानक' म्हटले आहे, त्या ठाण्याच्या भोवतालचा हा प्रदेश मूळचा भातखाचरांचा, गवताचा आणि मिठागरांचा. आज वागळे इस्टेटीत भाताचे एक रोप पाहावयाचे म्हटले तर मिळणे कठीण.

आणि तरीही भाद्रपदाची अमावास्या जवळ आली, की येथील बाजाराच्या वळणावर माती विकावयास येते. पिशव्या भरून काळी माती, शेजारी वेताच्या परड्या, पत्रावळी, सुगडे, लाल-पिवळे नाडे आणि कागदाच्या पुड्यांतून सात धान्ये. घटस्थापनेचे हे सामान होय. गेल्या वर्षी एका म्हातारीच्या पुढ्यात उभा राहून मी विचारले, "बाई, माती कशी दिली?"

"वीस रुपये पिशवी, आजोबा."

"कुठली ही?"

"मुरबाडकडची. शेतातली हाय, बिल्डिंगच्या पायातली न्हाय."

हे तिने फार आग्रहाने सांगितले. तिच्या गिऱ्हाइकांसही तेच ऐकावयाचे होते, असे दिसले. कारण प्रत्येक बाई तोच प्रश्न विचारीत होती आणि चिमूटभर माती बोटांत चुरून पाहत होती.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. मूळचे साताऱ्याकडचे, तीस वर्षे येथील एका कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झाले. गावची चार एकर जमीन भावाभावांच्या वाटणीत विकली गेली, त्यास दोन वर्षे झाली. त्या नवरात्रापूर्वी ते मजकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही शास्त्र जाणता, म्हणून विचारतो. आमच्याकडे घट बसतो तो शेतासाठी. वडील त्या घटातले धान पाहून रब्बीचा पेरा ठरवीत. आता शेत नाही, पेरा नाही. मग विकतच्या मातीत विकतचा गहू पेरून मी कोणास फसवितो आहे?"

प्रश्न त्यांनी रागाने विचारला नव्हता, दुःखाने विचारला होता. घरी त्यांच्या पत्नीस घट हवाच होता आणि त्यावरून दोघांत अबोला होता, हे मागाहून कळले. 'कुळाचार आहे, चालू ठेवा' एवढे सांगून त्यांस वाटेस लावणे सोपे होते. परंतु ते उत्तर मलाच पुरेसे वाटेना. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी नवरात्रात घट नसून नुसती माळच असेल. पण प्रश्न सर्वांचाच आहे. ज्या ऋतूसाठी व्रत निघाले, तो ऋतू आपल्या आयुष्यातून निघून गेल्यावर त्या व्रताचे काय राहते? या प्रश्नाचा विचार करताना मला एका दूरच्या देशाची आठवण झाली. त्या देशावर हा प्रसंग एकट्यादुकट्या घरावर नव्हे, तर सबंध राष्ट्रावर येऊन गेला आहे. तो देश म्हणजे मिसर, ज्यास आज आपण इजिप्त म्हणतो.

नोव्हेंबर १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांस तूतनखामेन या तरुण राजाचे थडगे सापडले, हे सर्वश्रुत आहे. सोन्याचा मुखवटा व रत्नजडित अलंकार यांची चित्रे सर्वांनी पाहिली आहेत. परंतु त्या थडग्यातील एका लाकडी वस्तूची वाच्यता सहसा होत नाही. ती म्हणजे माणसाच्या आकाराची, सुमारे सहा फूट लांबीची एक उथळ चौकट. आकार ओसायरिस देवाचा, डोक्यावर मुकुट, हातांत राजदंड. तिच्या पोकळीत नाईलचा गाळ भरून त्यात सातू पेरले होते, त्यांस पाणी घातले होते, आणि कोंब वर आल्यानंतर ती सर्व चौकट तागाच्या वस्त्रात गुंडाळून राजाच्या शवाजवळ ठेविली होती. विद्वान लोक हिला 'ओसायरिसचा वाफा' म्हणतात. तीन हजार तीनशे वर्षांपूर्वीचे ते वाळलेले कोंब आणि दसऱ्याच्या दिवशी आपले वडील टोपीत खोवीत असत ते पिवळट धान, यांत पाहणाऱ्यास काय भेद दिसेल?

ओसायरिसची कथा थोडक्यात सांगितली पाहिजे. तो मिसरचा आद्य राजा. लोकांस शेती शिकविणारा. त्याचा भाऊ सेथ हा वैराण वाळवंटाचा व वादळाचा देव. त्याने ओसायरिसास कपटाने पेटीत कोंडून नदीत सोडले, आणि पुढे त्याच्या देहाचे तुकडे करून देशभर फेकले. ग्रीक लेखक प्लुटार्क हे तुकडे चौदा होते असे सांगतो. ओसायरिसची पत्नी आयसिस हिने शोक करीत ते सर्व शोधले, सांधले, आणि मंत्रबळाने त्यात पुन्हा एवढा प्राण आणिला की त्यापासून तिला होरस हा पुत्र झाला. ओसायरिस मात्र जिवंतांच्या जगात परतला नाही. तो परलोकाचा राजा झाला आणि जमिनीखालून धान्य वर पाठवू लागला. काळी माती हा त्याचा देह, कोंब हा त्याचा प्राण. आपल्याकडे यमाचे व अन्नदात्याचे कार्य एकाच देवतेकडे सहसा नसते. त्यांच्याकडे ते एकत्र होते.

या देवाचा वार्षिक उत्सव खोइआक नावाच्या महिन्यात होई. त्याचे विधान देंदेरा येथील देवळाच्या भिंतींवर इतके तपशीलवार कोरलेले आहे, की आपल्या एखाद्या व्रतग्रंथाचेच पान वाचतो आहोत असे वाटावे. बाराव्या तिथीस सोन्याच्या साच्यात वाळू व सातू भरावयाचे. रोज ठरलेल्या मापाने पाणी घालावयाचे. एकविसाव्या तिथीस ती मूर्ती साच्यातून काढून उन्हात वाळवावयाची. म्हणजे नऊ दिवस. बाविसाव्या तिथीस चौतीस लहान नौका आणि तीनशे पासष्ट दिवे घेऊन देवळाच्या तलावावर मिरवणूक. आणि महिन्याच्या अखेरच्या दिवशी मूर्तीस मूठमाती देऊन 'जेद' नावाचा स्तंभ उभा करावयाचा. तो ओसायरिसच्या पाठीचा कणा होय. दुसऱ्या दिवशी उगवणीचा ऋतू लागे.

नऊ दिवस, माती, धान्य, पाणी, दिवे! एवढे पाहिले की आमच्यातील काही उत्साही मंडळींस राहवत नाही. आमचे ऋषीच नाईलच्या काठी गेले होते, आयसिस म्हणजे 'ईशी', ओसायरिस म्हणजे 'ईश्वर', असे ते लगोलग जाहीर करतात. उलट पक्षाचे लोक आमचे नवरात्रच मिसरहून आले म्हणून सांगावयास मागेपुढे पाहत नाहीत. या दोन्ही पक्षांनी फ्रान्सिस विल्फर्ड यांची हकीकत वाचावी. ईस्ट इंडिया कंपनीच्या पदरी असलेला हा अधिकारी काशीस राहून संस्कृत शिकला. आपल्या पुराणांत मिसर देशाचे व नाईल नदीचे वर्णन असलेच पाहिजे असे त्याच्या मनाने घेतले होते. त्याच्या पदरच्या पंडिताने धन्याची हौस ओळखली आणि पोथ्यांतील मूळ नावे खोडून हवी ती नावे घातली, जेथे श्लोक नव्हते तेथे रचून दिले. विल्फर्डने त्यावरून कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत १७९२ साली मोठा निबंध प्रसिद्ध केला, सोबत नकाशाही दिला. युरोपात त्याची वाहवा झाली. पुढे लबाडी उघडकीस आली आणि १८०५ साली त्याने आपली फसवणूक झाल्याचे छापून कबूल केले. तरीही तो नकाशा काही मेला नाही. नाईलचा उगम शोधणाऱ्या स्पीकने आपल्या १८६३ च्या पुस्तकात त्याचा आधार दिलाच! संस्कृत जाणणाऱ्या प्रत्येकाने त्या पंडिताचे स्मरण ठेवावे. श्रोत्यास जे ऐकावेसे वाटते तेच शास्त्राच्या तोंडी घालण्याचा मोह आजही सुटलेला नाही.

मग साम्य कोठून आले? माझ्या अल्प मतीप्रमाणे ते आकाशातून आले. आपल्याकडे ज्येष्ठ-आषाढात नैर्ऋत्येचा पाऊस लागतो. त्याच महिन्यांत इथिओपियाच्या उंच पठारावरही पावसाळा असतो, आणि तेथील पाणी निळ्या नाईलच्या वाटेने उत्तरेस धावते. मिसर देशात पाऊस जवळजवळ नाही. निरभ्र आकाशाखाली, कडक उन्हात, नदी आपोआप फुगू लागे. जूनच्या अखेरीस अस्वानजवळ पाणी चढावयास लागे आणि सप्टेंबरात कैरोजवळ कमाल होई. पाणी ओसरले की काळा गाळ मागे राही व त्यात पेरणी होई. आपल्याकडेही पाऊस ओसरला की अश्विनात घाटावर रब्बीची तयारी आणि कोकणात हळव्या भाताची कापणी. एकाच उन्हाळी पावसाने दोन देशांस एकाच सुमारास आशा व भीती दाखविली. तेव्हा दोघांनीही परडीभर मातीत धान्य पेरून पाहिले, यात कोणास कोणाचे गुरू व्हावयास नको.

भीती हा शब्द मी जाणून वापरला. पूर थोडा आला तर दुष्काळ, फार आला तर गावे वाहून जात. रोमन लेखक प्लिनी याने नाईलच्या पाण्याची मापे दिली आहेत: बारा हात चढले तर उपासमार, चौदा चढले तर समाधान, सोळा चढले तर आनंदीआनंद. व्हॅटिकनच्या संग्रहात नाईलची जी प्राचीन मूर्ती आहे, तिच्या अंगाखांद्यावर सोळा मुले खेळत आहेत, ती याच सोळा हातांची. कैरोजवळच्या रोडा बेटावर इसवी सन ८६१ मध्ये बांधलेला पाणी मोजण्याचा स्तंभ अजून उभा आहे. पुरासही त्यांनी देव मानिले होते. त्याचे नाव हापी. हा देव पुरुष असून त्याचे पोट सुटलेले व स्तन लोंबते दाखवितात, कारण तो देशास दूध पाजतो! पूर येण्यापूर्वी जी महामारीची भीती असे, तिची अधिष्ठात्री सिंहमुखी सेख्मेत. वर्ष संपताना तिची शांती करीत. आपल्याकडच्या शीतलेची आठवण होते. सेख्मेतचा कोप उतरविण्यासाठी रा या सूर्यदेवाने लाल रंगाची बीर शेतांत ओतून तिला झिंगविले, अशी कथा आहे, आणि तिच्या स्मरणार्थ मद्यपानाचा उत्सवच होता. त्याचे वर्णन या मासिकात न केलेले बरे.

मिसरी लोकांचे वर्ष तीन ऋतूंचे असे: आखेत म्हणजे पूर, पेरेत म्हणजे उगवण, शेमू म्हणजे सुगी व उन्हाळा. प्रत्येक ऋतू चार महिन्यांचा. यावरून आपल्या श्रौत चातुर्मास्यांची आठवण होईल. वैश्वदेव, वरुणप्रघास आणि साकमेध ही पर्वेही चार-चार महिन्यांच्या अंतराने येत. त्यांचा प्रत्येक महिना तीस दिवसांचा, आणि वर्षाअखेर जादा पाच दिवस. त्या पाच दिवशी ओसायरिस, होरस, सेथ, आयसिस आणि नेफ्थिस यांचे जन्मदिन. ही गणना सोपी खरी, पण तीत पाव दिवसाची चूक राहत असे. चार वर्षांत एक दिवस, शंभर वर्षांत पंचवीस. अशा रीतीने पुराचा महिना कडक उन्हाळ्यात आणि सुगीचा महिना पुरात जाऊन पडे. इसवी सनापूर्वी २३८ साली तेथील पुरोहितांनी कॅनोपस या नगरी जमून, दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवावा, असा ठराव केला. तो कोणी पाळिला नाही. पुढे रोमन अमलात ऑगस्टसच्या काळी ती सुधारणा झाली. आपण तेहतीस महिन्यांच्या सुमारास येणारा अधिक मास पत्करला. त्याला कोणी 'धोंडा' म्हणोत, पण त्याच्यामुळेच नवरात्र पावसाळ्याच्या शेवटाशी बांधलेले राहिले आहे.

आकाशातील खूण दोघांसही लागे. आपण ज्यास व्याध म्हणतो, तो तारा मिसरात सुमारे सत्तर दिवस सूर्यतेजात लोपून जुलैच्या मध्यानंतर पहाटे पुन्हा दिसे, आणि त्याच सुमारास पाणी चढे. त्या ताऱ्यास ते सोपदेत देवी म्हणत व तिला आयसिसचेच रूप मानीत. पतीसाठी रडणाऱ्या आयसिसच्या अश्रूंनी नाईल फुगते, अशी समजूत होती. आपल्याकडे हे काम अगस्त्याकडे आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत अगस्त्यास स्वतंत्र अध्याय दिला असून, उज्जयिनीस सूर्य कन्या राशीत जाण्यास सात अंश उरले असता अगस्त्योदय होतो व त्या वेळी राजाने अर्घ्य द्यावे, असे सांगितले आहे. अगस्त्य उगवला की गढूळ पाणी निवळते, ही आपली जुनी धारणा. त्यांचा तारा पाणी आणतो, आपला तारा ते स्वच्छ करतो. युरोपीय लोक अगस्त्यास 'कॅनोपस' म्हणतात. पाव दिवसाचा ठराव झाला त्या नगराचेही नाव तेच. पण विल्फर्डच्या पंडिताचे स्मरण करून मी येथेच थांबतो.

हे दोन देश केवळ मनातच शेजारी आहेत असे मात्र नव्हे. येऊरच्या डोंगराकडे पाहताना मला नेहमी वाटते, की पलीकडच्या कान्हेरीत ज्या दात्यांची नावे कोरली आहेत, त्यांत कल्याणचे व्यापारी आहेत, आणि त्यांच्या काळी कल्याणचे नाव मिसरच्या बंदरांतून ठाऊक होते. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी दर्यावर्दीने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात 'कॅलिएना' बंदराचा उल्लेख आहे: पूर्वी ते खुले बंदर होते, पण सांदनेस याच्या ताब्यात गेल्यावर तेथे अडथळे वाढले, आणि चुकून आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचास नेली जात. याच ग्रंथात मिसरहून केव्हा निघावे तेही सांगितले आहे: जुलैत, म्हणजेच मिसरी एपिफी महिन्यात. तोच पुराचा, आयसिसच्या अश्रूंचा महिना! ज्या वाऱ्याने आपल्या भातखाचरांत पाणी भरे, त्याच वाऱ्याने ही गलबते इकडे ढकलली जात. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या मिसरी बंदराच्या उत्खननात सेरापिसच्या देवळाच्या आवारात भारतीय बनावटीचा एक रांजण मिळाला. त्यात सुमारे साडेसात किलो काळी मिरी होती. त्याच गावी आयसिसच्या देवळाच्या प्रांगणात २०२२ साली बुद्धाची संगमरवरी मूर्ती सापडली. तेथून संस्कृत लेखही मिळाला आहे, तो तिसऱ्या शतकातील रोमन बादशहा फिलिप याच्या काळचा. आयसिसच्या दारी बुद्ध उभा राहिला आणि कोणास त्याचे वैषम्य वाटले नाही, ही गोष्ट मला स्वतःला फार मोलाची वाटते.

त्या देवता पुढे गेल्या. दक्षिणेकडील फिले बेटावर आयसिसचे देऊळ सर्वांत उशिरापर्यंत टिकले. चित्रलिपीतील अखेरचा ज्ञात लेख तेथेच २४ ऑगस्ट ३९४ रोजी कोरला गेला. त्यानंतर ती लिपी वाचणारा कोणी उरला नाही आणि १८२२ साली शाम्पोलियाँने ती उलगडेपर्यंत चौदाशे वर्षे भिंती मुक्या राहिल्या. धर्म बदलला, भाषा बदलली. पूर मात्र येतच राहिला, आणि पुराबरोबर त्याचे व्रतही. जूनमध्ये 'थेंबाची रात्र' पाळीत. त्या रात्री आकाशातून पडलेल्या एका दिव्य थेंबाने नाईल फुगते, असे मानीत. आयसिसचे नाव विसरले, अश्रू राहिला! एकोणिसाव्या शतकात कैरोत राहिलेल्या एडवर्ड लेन या इंग्रज गृहस्थाने लिहिले आहे, की कालव्याच्या बांधापुढे मातीचा एक गोल स्तंभ रचीत, त्यास 'अरूसा' म्हणजे नवरी म्हणत, आणि त्याच्या सपाट माथ्यावर थोडा मका किंवा बाजरी पेरीत. पाणी चढले की नवरी विरघळून वाहून जाई. मुसलमानी शहरात, ओसायरिसनंतर दीड हजार वर्षांनी, पुन्हा माती, धान्य व पाणी! तो कालवाही त्याच शतकाच्या अखेरीस बुजविला गेला.

आणि मग पूरही थांबला. अस्वानच्या उंच धरणाचे काम १९६० साली सुरू झाले, १९६४ साली नदी अडविली गेली, १९७० मध्ये धरण पुरे झाले. मिसरच्या शेतांत तेव्हापासून पुराचे पाणी आलेले नाही. हजारो वर्षांचे चक्र एका पिढीच्या डोळ्यांदेखत बंद पडले. आयसिसचे देऊळही पाण्याखाली जावयाचे होते. दगड न् दगड सुटा करून ते जवळच्या अगिल्किया बेटावर पुन्हा उभारले, आणि १९८० साली ते काम संपले. धरणाने वीज दिली, बारमाही पाणी दिले, दुष्काळ टाळला. गाळ बंद झाल्याने शेतांस विकतचे खत घालणे आले. हिशेब कोणत्या बाजूस झुकतो, हे तेथील लोकांनी ठरवावे. मला एवढेच सांगावयाचे आहे, की 'वफा अन्-नील', म्हणजे नाईलची वचनपूर्ती, हा उत्सव तेथे अजूनही ऑगस्टच्या मध्यास होतो. वचन पुरे करावयास येणारा पूर नाही, तरी लोक नदीकाठी जमतात.

ही सर्व हकीकत मी त्या साताऱ्याच्या गृहस्थांस दोन संध्याकाळी बसून सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे ते लोकही स्वतःस फसवितातच की." मी म्हटले, "फसवणुकीत कोणास तरी खोटे खरे वाटावे लागते. तुमच्या पत्नीस शेत गेले हे ठाऊक आहे. पिशवीतली माती मुरबाडची आहे हेही ठाऊक आहे. यात खोटे कोणते?" त्यांनी उत्तर दिले नाही. माझे उत्तर त्यांस पटले असेलच, असे मी म्हणत नाही. मलाही ते पुरते पटते असे नाही. कारण खरी अडचण शिल्लक राहतेच. वडील घटातल्या कोंबांवरून बियाणे पारखीत, ते ज्ञान गेले. आता कोंब दाट आले तर 'देवी प्रसन्न' आणि विरळ आले तर पाणी कमी घातले म्हणून सुनेस बोल, एवढाच निष्कर्ष उरला आहे. व्रत राहते, पण त्यातील शेतकी विसरते, आणि शेतकी विसरलेले व्रत भलत्याच गोष्टींचे शकुन सांगू लागते. माझ्या मते घट बसवावा. पण घरातल्या मुलांस ही माती कोठून आली, हे धान्य केव्हा पेरतात, कोणत्या नक्षत्राचा पाऊस त्यास लागतो, हे त्या नऊ दिवसांत सांगावे. फिल्मी गाण्यांवर रात्री बारापर्यंत ओरडणाऱ्या ध्वनिवर्धकापेक्षा ते सोपे आहे.

त्या वर्षी त्यांच्या घरी घट बसला. परवानगी कोणी मागितली नव्हती; बाईंनी दोन पिशव्या माती आधीच आणून माळ्यावर ठेविली होती. नवव्या दिवशी मी दर्शनास गेलो तेव्हा परडीत वीतभर धान उगवले होते. खिडकीकडून येणाऱ्या उजेडाकडे ते सगळे एका अंगास कलले होते. गृहस्थ चष्मा लावून त्यात बोट घालून पाहत होते. "गहू चांगला आलाय, पण हरभरा कुजला. पाणी जास्त झालंय," ते पत्नीस म्हणाले. "वडील असते तर म्हणाले असते, यंदा हरभरा उशिरा टाका." दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती माती कोठे न्यावी याचा खल झाला. रायलादेवीच्या तलावापाशी महापालिका गणपतीच्या वेळी कृत्रिम हौद करते, तसे घटासाठी काही नसते. निर्मल्याच्या कलशात ती टाकणे बाईंस पसंत पडले नाही. अखेर ती गॅलरीतील तुळशीच्या कुंडीत गेली.

मिसरच्या शेतकऱ्यांत अद्यापि जुने महिने चालू आहेत. कॉप्टिक ख्रिस्ती लोकांच्या पंचांगात ते टिकले आणि मुसलमान शेतकरीही पेरणीसाठी तेच मानतो. पहिला महिना तूत, हा थॉथ या विद्येच्या देवाचा. तिसरा हातूर, हा हाथोर देवीचा. तो नोव्हेंबरच्या दहा तारखेस लागतो. त्याला तेथील शेतकरी 'विखुरलेल्या सोन्याचा बाप' म्हणतात, कारण त्या महिन्यात गहू पेरावयाचा असतो. देवीचे नाव आपण घेतो आहोत, हे पेरणाऱ्यास ठाऊक नसते. चौथा महिना कियाहक, तोच जुना खोइआक. पूर येत नसला तरी गहू त्याच सुमारास वर येतो.